कुत्री एकटी राहिली की दाराची चौकट फोडते. काय करू?

गोदाकाठ (नाशिक):

आमची टिकली गावठी, अंदाजे दोन वर्षांची. मागच्या दिवाळीनंतर शेल्टरमधून आणली. घरात माणूस असलं की तिच्यासारखं गुणी जनावर शोधून सापडणार नाही. चपलेला तोंड लावत नाही, जेवताना ताटाभोवती घुटमळत नाही, पाहुणे आले की कॉटखाली जाऊन पडते.

त्रास जूनमध्ये सुरू झाला. मी शिक्षिका आहे, शाळा सकाळची. साडेसहाला घर सोडते, एकपर्यंत परत येते. नवरा अंबड एमआयडीसीत, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मे महिनाभर मी घरीच होते आणि टिकली दिवसभर माझ्या पायाशी. शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात दाराची चौकट गेली. लॅचपासून उंबऱ्यापर्यंत लाकूड सोललंय, दाराचा सनमायका दातांनी ओढून काढलाय. कडेला रक्त दिसलं म्हणून पाहिलं, तर पुढच्या पायाचं एक नख मुळातून तुटलेलं. दारासमोरची फरशी लाळेने ओली. हॉलच्या खिडकीचा पडदा खाली आलेला. सोफ्याला धक्काही नाही. तिच्यासाठी ठेवलेली पोळी तशीच पडलेली होती, मी आत आल्यावर तिने ती एका घासात संपवली.

नवऱ्याची पहिली शिफ्ट असते तो आठवडा सगळ्यात वाईट. रात्रपाळीला तो साडेसातला घरी येतो, तर तेवढ्या तासाभरातही ती काहीतरी करून ठेवते. दुसऱ्या शिफ्टला तो सकाळी घरी असतो, तेव्हा काहीच नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, ती भुंकत नाही गं, रडते." खालच्या मजल्यावरून तक्रार गेली आणि सोसायटीचं पत्र आलंय, "कुत्र्याचा बंदोबस्त करावा."

नवरा म्हणतो पिंजरा आणू. मैत्रीण म्हणते झोपेची गोळी दे. एकीने सुचवलं की दुसरा कुत्रा आणा, सोबत होईल. सासूबाईंचं म्हणणं, निफाडला दिरांच्या मळ्यात सोडा, मोकळी राहील. मला तिला कुठेही पाठवायचं नाही. यातून कोणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

रानवारा:

लाड कमी करा. घरी आल्या आल्या तिला त्या चौकटीपाशी न्या आणि चांगलं खडसावा. आमच्या अल्सेशियनला बरोबर कळायचं. काही फाडलं असलं की आम्हाला बघताच कान पाडून कोपऱ्यात जायचा.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा):

ताई, मी महावितरणमधून लाइनमन म्हणून निवृत्त झालो. आमचा भैरू असाच होता, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी रानवारा यांच्या सल्ल्याबद्दल, कारण तो बहुतेक जण देतात आणि त्याने फार नुकसान होतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याच कान पाडण्यावर प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने खाऊ खाल्लाय की नाही याबद्दल मालकांना कधी खरं सांगितलं, कधी खोटं. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर. खाऊ खरंच खाल्ला होता की नाही याचा त्याच्याशी संबंध निघाला नाही. कुत्रा तुमचा आवाज आणि तुमचं अंग वाचतो. सहा तास जीव मुठीत धरून बसलेली टिकली तुम्ही आल्यावर आणखी बोलणी खाणार असेल, तर उद्यापासून ती तुमच्या जाण्यालाही घाबरेल आणि येण्यालाही.

तुम्ही लिहिलंय त्यात उत्तर आहेच. कंटाळलेला कुत्रा हाताला येईल ते फाडतो. उशी, चप्पल, कचऱ्याचा डबा, काहीही, आणि खाऊ दिसला तर आधी तो संपवतो. टिकलीने सोफा सोडला, पोळी सोडली आणि फक्त दार आणि खिडकी धरली. बाहेर पडायच्या वाटा आहेत त्या. नख उपटलं तरी ती थांबली नाही. हा मस्तीचा प्रकार नाही. जीव घाबरा झाल्यावर करतात तसं करतेय ती.

पिंजरा आणू नका. भीतीने बाहेर पडू पाहणारं जनावर पिंजऱ्यात कोंडलं तर तेच बळ सळ्यांवर लावतं. आमच्या ओळखीच्यांच्या लॅब्रॅडॉरने असाच सुळा मोडून घेतला. दुसऱ्या कुत्र्याचंही तसंच. तिला माणूस हवाय. कुत्रा आणलात तर बहुतेक वेळा होतं काय, एक रडतो आणि दुसरा बघत बसतो. तुम्हालाच मुळात दुसरा कुत्रा हवा असेल तर जरूर आणा, औषध म्हणून आणू नका. मळ्याचं तर बोलूच नका. ज्या दोन माणसांवर तिचा जीव आहे त्यांनाच उचलून बाजूला करायचं, हा उपाय कसा होईल?

आता करायचं काय. जुना मोबाइल चपलांच्या रॅकवर उभा करा, रेकॉर्डिंग लावा आणि खाली जाऊन या. तिची घालमेल नेमकी कधी सुरू होते ते बघा. दार लागल्यावर? की त्याच्याही आधी? भैरू माझं हेल्मेट खुंटीवरून निघालं की धापा टाकायला लागायचा. मी अजून घरात, पण त्याच्या लेखी मी गेलेलोच. मग दिवसातून कितीदा तरी मी हेल्मेट काढायचो आणि ते मांडीवर घेऊन पेपर वाचत बसायचो. पुढे हेल्मेट निघालं तरी तो मान वर करेनासा झाला. तुमच्याकडे ते काय आहे ते शोधा. पर्स असेल, गाडीची किल्ली असेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एकटं राहायची सवय लावायचा सराव चालू असेपर्यंत तिला तिच्या सोसण्यापलीकडे एकटं ठेवायचं नाही. हे जमवणं अवघड आहे, मला माहीत आहे. पण एका बाजूने तुम्ही दहा सेकंद बाहेर जाऊन यायचा सराव करणार आणि दुसऱ्या बाजूने ती सहा तास रडणार, तर केलेलं सगळं त्या सहा तासांत धुऊन जातं. तुमचा प्रश्न पहिल्या शिफ्टच्या आठवड्याचा आणि रात्रपाळीच्या त्या तासाभराचा आहे. तेवढ्यापुरतं माणूस शोधा. शेजारच्या काकू, बिल्डिंगमधली अभ्यासाला शांत जागा शोधणारी कॉलेजची मुलगी, कोणीही. त्यात लाजू नका.

येता-जाता तिच्याशी तुटक वागायची गरज नाही. घाबरली असेल तर जवळ घ्या. कुरवाळल्याने भीती वाढते असं सांगतात, ते खरं नाही.

जनावरांची डॉक्टर (मिरज):

वरच्या प्रतिसादाशी सहमत. माझ्या बाजूचं थोडं लिहिते.

आधी ते नख दाखवा. मुळातून तुटलेल्या नखात जंतुसंसर्ग पटकन होतो. त्याच फेरीत रक्त तपासून घ्या. गोचीडताप, कानाचं दुखणं, सांधे, लघवीचा संसर्ग, यातलं काहीही असेल तर मुळात घाबरट कुत्रा जास्त घाबरतो.

मैत्रिणीने सुचवलेली गोळी देऊ नका. माणसांची उरलेली औषधं तर अजिबात नाहीत. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनसारख्या रोजच्या गोळ्यांनीही कुत्र्याला विषबाधा होते. गुंगी आणणारं एसेप्रोमाझीन काही ठिकाणी अजून दिलं जातं. त्याने कुत्रा पडून राहतो म्हणून मालकाला बरं वाटतं, पण भीती तशीच असते. फक्त पळायचं बळ जातं.

या त्रासावर खरी औषधं आहेत. अमेरिकेत क्लोमिप्रामीनला १९९८ साली आणि फ्लुओक्सेटीनला २००७ साली कुत्र्यांच्या नेमक्या याच, एकटं राहिल्यावर घाबरण्याच्या आजारासाठी (सेपरेशन अँग्झायटी) मान्यता मिळाली, तीही सरावाच्या जोडीने वापरायची म्हणून. ही रोज द्यायची असतात, परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि मनाने अचानक बंद करायची नसतात. मधल्या काळासाठी ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन देता येतं, पण डोस कुत्र्याला तपासणाऱ्या डॉक्टरनेच ठरवायचा. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडवा असतो, तो कुत्र्यांना घातक आहे. म्हणून मेडिकलमधून परस्पर काही आणू नका.

औषध देणं म्हणजे हार मानणं, असं बरेच पालक समजतात आणि कुत्र्याचे वर्षभर हाल होतात. नख उपटेपर्यंत घाबरणारी कुत्री माझ्याकडे आली तर मी पहिल्याच भेटीत औषधाचा विषय काढेन.

गोदाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. नख दाखवून आणलं, ड्रेसिंग झालं, रक्ताचा रिपोर्ट यायचाय. फ्लुओक्सेटीनबद्दल डॉक्टरांशी बोलले, ते रिपोर्ट बघून ठरवणार आहेत.

मोबाइल लावून व्हिडिओ घेतला. बघताना रडू आलं. मी डब्याच्या दोन्ही क्लिपा लावल्या त्या आवाजाला ती गोधडीवरून उठली. पर्स, किल्ली हे सगळं नंतर. चपला घालेपर्यंत ती दाराला पाठ लावून उभी होती, जीभ सारखी ओठांवरून फिरवत. दार लागल्यावर थोडा वेळ नुसती उभी राहिली, दाराच्या फटीला नाक लावून. मग लॅचवर पहिला पंजा. मी खालच्या गेटपर्यंतही पोचले नसेन.

काकू सकाळी टिकलीला त्यांच्याकडे ठेवायला तयार आहेत. आता सराव कुठून सुरू करू आणि वेळ किती किती वाढवू?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा):

डब्यापासून. दुपारी, तुम्हाला कुठे जायचं नसताना, रिकाम्या डब्याच्या क्लिपा लावा आणि तो परत मांडणीवर ठेवा. ती उठली तर उठू दे, तिला काही बोलू नका. थोड्या वेळाने परत. ती गोधडीवरून उठायची थांबली की मग पर्स, मग चपला. एका वेळी एकच.

दाराचं वेगळं धरा. त्यात तीन आवाज असतात. लाकडी दार, सेफ्टी डोअर आणि लॅचचा खटका. भैरूला खटका सोसायचा नाही, म्हणून बरेच दिवस आम्ही दार नुसतं लोटून घेत होतो. तुम्ही बाहेर पाऊल टाका आणि लगेच आत या. मग दार लोटून पाच सेकंद. मग कधी दहा, कधी चार, कधी पंधरा, परत सात. दर वेळी वाढवत नेलं तर तिला कळतं की पुढची खेप आणखी लांब असणार. मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलला व्हिडिओ कॉल लावून बाहेर उभ्या राहा आणि तिच्याकडे बघत राहा. जीभ ओठांवरून फिरली, जांभई आली, कान मागे गेले, की तेवढ्यावर आत या. रडेपर्यंत थांबायचं नाही. आणि दमवू नका, ती कंटाळायच्या आत सराव बंद. एखाद्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा कमी जमेल. पावसाळी गडगडाट झालेला असेल किंवा खाली फटाके वाजलेले असतील, तर त्या दिवशी सराव करूच नका.

सुरुवातीचं फार सावकाश जातं. सेकंदांवरून मिनिटांवर यायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. अर्ध्या तासाच्या आसपास ती शांत राहायला लागली की पुढची वाढ बरीच सोपी जाते.

सकाळी तिला फिरवता तेव्हा ओढत चालवू नका. जिथे थांबेल तिथे पोटभर वास घेऊ दे. चेंडूमागे पळवून दमवलेल्या कुत्र्यापेक्षा वास घेऊन आलेला कुत्रा घरी निवांत पडतो, हा माझा अनुभव. दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा पोकळ रबरी खेळण्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवा. कांदा-लसूण नको. पण ते खेळणं तुम्ही घरात असताना द्या. फक्त जाताना दिलंत तर तोच तिच्यासाठी नवा डबा होईल, खेळणं दिसलं की घाबरायचं.

काकूंकडे पाठवताना गोधडी तीच द्या, न धुता. आणि पहिल्यांदा तुम्ही स्वतः तिथे बसून चहा पिऊन या.

चौथा मजला (ठाणे):

सोसायटीच्या पत्राबद्दल. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. कुत्रा भुंकतो एवढ्या कारणावरून सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. पण त्या सूचनांत शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून पालकांनी काळजी घ्यावी हेही आहे. म्हणून पत्राला लेखी उत्तर द्या. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र, महापालिकेचा परवाना आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडा, उपचार सुरू आहेत असं लिहा. त्याच्याही आधी खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन बोला. माझ्याकडे तक्रार करणाऱ्या आजींना कुत्रा आजारी आहे हे कळलं, तेव्हापासून त्याच मला फोन करून सांगायच्या, आज किती वेळ रडला ते.

गोदाकाठ:

खालच्यांशी आज संध्याकाळी बोलते. एक राहिलंच. चौकट आत्ता दुरुस्त करू का? सुतार म्हणतोय खालच्या भागाला पत्रा ठोकून देतो.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा):

पत्रा नको, त्याच्या कडेने हिरडी कापेल. जाड अ‍ॅक्रिलिकची शीट लावून घ्या, कडा घासून गोल करा आणि स्क्रू तिच्या तोंडाच्या उंचीपेक्षा वर येतील असे बसवा. सुट्ट्या लाकडाच्या फाका आजच काढून टाका, त्या गिळल्या तर आतड्यात टोचतात. नवीन चौकट दिवाळीनंतर करा. फटाक्यांचे दिवस आधी जाऊ देत.