लाकडी घाण्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट करून आणला पण मलाच पटेना, काय करू?

बार्शीकर_९१
नमस्कार मंडळी. बार्शीत लाकडी तेलघाणा टाकायचा चाललंय, पीएमएफएमईमधून (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) लोन करायचंय. एकाकडून ३ हजार देऊन रिपोर्ट करून घेतला, २२ पानं, रंगीत ग्राफ वगैरे. त्यात पहिल्याच वर्षी ८० टक्के कपॅसिटी, ३०० दिवस घाणा चालू आणि १२ हजार लिटर शेंगदाणा तेल विकलं असं धरलंय. मी विचारलं एवढं तेल घेणार कोण, तर म्हणतो बँकेला असंच लागतं तुम्ही फक्त सही करा. करू का सही? का ह्या कागदाचा धंद्यात पुढं काही उपयोगही असतो?

घाणेवाली
दादा थांबा, सही नका करू. माझा घाणा आहे ४ वर्षं झाली, सातारा साइडला. १२ हजार म्हणजे महिन्याला हजार लिटर, चार माणसांच्या घरात महिन्याला ३ लिटर जातं, म्हणजे सव्वातीनशे घरं दर महिन्याला तुमच्याकडेच आली पाहिजेत, बाकी कुठं जायचं नाही. मला पहिल्या वर्षी ६० मिळाली होती, त्यातली निम्मी नातेवाईक 😄

आता माझा हिशोब बघा. १ लिटरला अडीच किलो दाणे, १३० ने धरा ३२५ झाले. पेंड निघते १.४ किलोच्या आसपास, ४५ ने गेली तर ६३ परत आले. लाइट, मजुरी, बाटली ३५. म्हणजे २९७ ला पडलं, मी ३६० ला विकते, लिटरमागं ६३ सुटतात. आता दाणे १५० झाले की लिटरमागं ५० वाढले, सुटणाऱ्या ६३ चे १३ उरले. आणि गिऱ्हाईक काय म्हणतं, ताई मागच्या महिन्यात तर ३६० होतं. तुमच्या २२ पानांत दाण्याचा भाव वाढला तर काय, हे कुठं आहे का बघा.

कर्जवाले_काका (रिटायर्ड)
बँकेत फाइली बघण्यात आयुष्य गेलं म्हणून लिहितो. पहिल्या वर्षी ८० टक्के बघितलं की आम्हाला लगेच कळायचं रिपोर्ट कॉपी-पेस्ट आहे. एका पापडाच्या रिपोर्टात मधेच पोल्ट्री शेडचा खर्च निघाला होता, अर्जदाराला पत्ताच नाही. मॅनेजर पानं मोजत नाही, तुम्हालाच दोन प्रश्न विचारतो, माल कुठून आणणार आणि कोणाला विकणार. तिथं माणूस अडखळला की फाइल खाली जाते. पहिल्या वर्षी ४० टक्के धरा, मग हळूहळू चढवा, हप्ता भरून थोडं उरतंय एवढं दिसलं तरी चालतं.

दुसरं, वर्किंग कॅपिटल, म्हणजे माल भरायला आणि रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, किती धरलंय? महिन्याला ४०० लिटर म्हणलं तरी १ टन दाणे, १ लाख ३० हजार. सीझनला तीन महिन्यांचा माल भरला तर ४ लाख लागतात. मशीनच्या लोनमधून दाणे घेऊ नका, सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, लागेल तसं काढायचं आणि भरायचं खातं) वेगळं मागा. आणि ह्या योजनेची सबसिडी प्रोजेक्ट खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, ती हातात येत नाही, ३ वर्षं बँकेतच राहते आणि मग कर्जात वळती होते. लोक ती उत्पन्नात धरतात आणि फसतात.

गल्लीतला_शेठ
एवढं कशाला? आमच्या वडलांनी ३० वर्षं किराणा केला कुठला प्लॅन न् काय, धंदा नडला तरच समजतो

घाणेवाली
शेठ, वडलांची उधारीची वही होती ना? तोच प्लॅन की. मी पण वहीच ठेवते, डाव्या पानावर काय होईल वाटलं होतं, उजव्या पानावर काय झालं. दर महिन्याच्या १ तारखेला बसते. उजवं पान वाचायला जड जातं, सवयीनं जमतं. पेंडीत पैसा आहे हे मला तिथंच कळलं, सुरुवातीला शेजाऱ्यांना फुकट वाटत होते हो.

बार्शीकर_९१
काका, ताई, सही केली नाही. रिपोर्टात वर्किंग कॅपिटल १ लाखच निघालं, भाव वाढला तर काय हे कुठंच नाही. रविवारी आमच्या आणि मागच्या गल्लीत ४० घरी जाऊन विचारलं कुठलं तेल वापरता. ११ जण म्हणले घेऊ, त्यातले ४ जण भाव ऐकून गप्प बसले. एक आज्जी म्हणली करडईचं काढलंस तर दोन डबे माझे. करडईला उतारा कमी पडतो म्हणतात, ताई तुम्ही काढता का, लिटरला किती किलो लागते?