मुलांना दुसरी बाजूही कळू द्या

माजी सैनिकांनी वर्गात कटू अनुभव सांगितले तर मुलं बिचकतील, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. जो सैन्यात भरतीसाठी सही करणार आहे, त्याला गणवेश आणि पदकांपलीकडचं आधीच कळायला हवं. युद्ध पुढची गोष्ट. त्याआधी रात्रीचे पहारे असतात, चुकलेली लग्नं-मयतं असतात, आणि मनात आलं म्हणून मध्येच निघता येत नाही. तोफांच्या आवाजाने कानात कायमची बसलेली शिट्टीही असते.

मनाच्या जखमेला पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ म्हणत, कित्येकांना सरळ भित्रे ठरवलं गेलं. व्हिएतनामहून परतलेले सैनिक आपल्या त्रासाबद्दल उघड बोलू लागले, तेव्हा कुठे १९८० मध्ये अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनावर टिकून राहणारा आघात) हे निदान अधिकृतपणे स्वीकारलं. न बोलण्याची किंमत किती पिढ्यांनी मोजली बघा!

एका माजी सैनिकाला मी वर्गात बोलताना ऐकलंय. एका मुलीने विचारलं, “भीती वाटायची?” ते खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, “रोज. पण शेजारी सोबती असायचा.” सोबत्यांबद्दल मात्र ते भरभरून बोलले. तास संपल्यावर तीच मुलगी त्यांच्याकडे भरतीची चौकशी करत उभी होती.