या आठवड्यात सहज भटकताना इंटरनेटवर काय सापडले?

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांना नमस्कार. रविवारी जेवण झाल्यावर तास-दीड तास, काहीही न ठरवता इंटरनेटवर भटकण्याची सवय मला निवृत्तीनंतर लागली आहे. हाती लागलेली गोष्ट मी तारखेसह एका वहीत उतरवून ठेवतो. गेल्या रविवारी मी खरे तर कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्याचा नकाशा पाहत होतो. तिथून नजर भीमगडाकडे गेली, भीमगडावरून तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांकडे गेली, आणि त्या गुहांच्या नावाने शोध घेतला तेव्हा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या अंकापाशी येऊन पोहोचलो.

आपल्या तालुक्यातील या गुहेत मिळालेल्या वटवाघळाचे वर्णन ओल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञाने १९१३ साली केले आणि वन खात्यात काम केलेल्या रॉटन यांचे नाव त्या जातीला दिले. कान मोठे, पंख लांब आणि अरुंद, शेपटी पायांमधल्या पडद्याच्या बाहेर मोकळी, असे हे वटवाघूळ जगात केवळ या एका गुहेत राहते, हे वाचून मी थक्क झालो. साठ वर्षे खानापुरात काढली, जांबोटीला शेकडो वेळा गेलो, पण ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

माझी विनंती अशी की, आपल्यालाही या आठवड्यात असे काही सापडले असेल तर येथे लिहावे. मात्र नुसता दुवा देऊ नये, तिथपर्यंत कसे पोहोचलात तेही सांगावे. मला त्या वाटेतच अधिक रस आहे.

शहापूर पेठ (बेळगाव)

काका, शोध सुरेख आहे, परंतु एक दुरुस्ती सुचवतो. ‘केवळ या एका गुहेत’ हे वाक्य जुन्या लिखाणात वारंवार येते आणि अनेक दशके ते खरेही होते. पुढे हीच जात मेघालयातील गुहांत आणि कंबोडियातही आढळली. बारापेडे गुहेचे महत्त्व त्याने कमी होत नाही, कारण जातीचा पहिला नमुना तिथलाच आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले, त्यामागच्या चर्चेत या वटवाघळाचा उल्लेख नेहमी होत असे. जुने पान वाचले की त्याच विषयावरचे एखादे अलीकडचे पानही उघडावे, एवढीच पथ्याची गोष्ट. एरवी शंभर वर्षांपूर्वीचे खरे आपण आजचे म्हणून व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतो.

निपाणीची शिक्षिका

माझी वाट स्वयंपाकघरातून सुरू झाली. आमच्याकडे मुलाने विचारले की, तुपाला मराठीत तूप आणि कन्नडात तुप्प म्हणतात, तर कोणी कोणाकडून घेतले? मला ठामपणे सांगता येईना, म्हणून शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातील भाषांचे शब्दकोश जिथे शोधण्याजोगे करून ठेवले आहेत, ते संकेतस्थळ उघडले. तूप हा शब्द अभ्यासक कन्नडातून आलेला मानतात. अडकित्ता तसाच; अण्णा आणि अक्का तर आपण घरात रोज हाका मारताना वापरतो. सीमाभागात राहून हे ऐकायला नवे वाटू नये, तरी छापील नोंद समोर दिसली की वेगळे वाटते.

तिथून मी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शिरले आणि रात्रीचे अकरा कधी वाजले ते कळले नाही. या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ची, तिच्यात सुमारे साठ हजार शब्द आहेत. कोशातले अर्थ कोरडे नाहीत. म्हणी, वाक्प्रचार, कारागिरांचे शब्द, मुलांच्या खेळांतले शब्द, सगळे त्यात सापडते. एका शब्दावरून दुसऱ्यावर जात जात मला कळले की, या कोशाची संक्षिप्त आवृत्ती १८६३ साली बाबा पद्मनजी यांनी तयार केली, आणि बाबा पद्मनजींचा जन्म बेळगावचा, तोही १८३१चा, म्हणजे मूळ कोश ज्या वर्षी निघाला त्याच वर्षीचा! वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा गप्प झाली. आता किटेल यांचा १८९४चा कन्नड-इंग्रजी कोश शेजारी उघडून दोन्ही कोशांतले सारखे शब्द काढण्याचे काम मुलांनी आपणहून घेतले आहे.

चिकोडीचा वाचक

ताई, यात भर घालतो. बेळगाव जिल्ह्याचे १८८४चे गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकविसावा खंड, इंटरनेट अर्काइव्हवर वाचता येतो. मात्र त्यात गावाचे नाव शोधून निराश होऊ नये. त्या मालिकेत दीर्घ आकार दाखवण्यासाठी इंग्रजी ‘ए’वर तिरकी रेघ दिलेली असते आणि स्कॅनवरून मजकूर ओळखणारे यंत्र त्या अक्षराला पुष्कळदा ‘डी’ समजते. त्यामुळे मराठा हा शब्द मर्ड्ठा होतो आणि खानापूरच्या नावात दोन ‘डी’ घुसतात. हे लक्षात आल्यावर मी मुद्दाम चुकीचे स्पेलिंग घालून शोधू लागलो, आणि महिनाभर न सापडलेली पाने पाच मिनिटांत निघाली.

शहापूर पेठ (बेळगाव)

सगळे जण फिरून फिरून आपल्याच जिल्ह्यात येत आहेत, म्हणून मी थोडे लांबचे सांगतो. केंब्रिज विद्यापीठातील संगणक विभागात काही जण कॉफीसाठी जिने उतरून जात आणि भांडे रिकामे पाहून परत येत. त्यावर तोडगा म्हणून १९९१ साली त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला. १९९३मध्ये ते चित्र वेबवर आले आणि जगभरचे लोक एक कॉफीचे भांडे पाहत बसले. कॅमेरा २००१ साली बंद झाला. आपल्याकडे चहावाल्याला खिडकीतून बोटे दाखवली की काम होते, त्यामुळे हा शोध बेळगावात लागण्याची शक्यता नव्हतीच.

कंग्राळीचा शेतकरी

मी भटकत नाही, पाणी पाहतो, तरीही लिहितो. मार्कंडेय नदीच्या काठी आमचे भात आहे, त्यामुळे पावसाळ्यात राकसकोप जलाशय किती भरला ही आमच्या घरात रोजची चौकशी असते. गेल्या वर्षी पुतण्याने युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे उघडून दिली. ती कोणालाही विनामूल्य पाहता येतात, साधारण पाच दिवसांनी नवे चित्र येते आणि दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. म्हणजे आमचे खळे ठिपक्याएवढे तरी दिसते. अडचण एकच. ज्या जुलैत पाहायची गरज, त्याच जुलैत सगळा पश्चिम भाग ढगांनी पांढराफटक असतो. अशा वेळी सेंटिनेल-१ची रडार चित्रे पाहावीत, कारण रडारला ढग आणि रात्र दोन्ही आड येत नाहीत. चित्र काळे-पांढरे आणि खरखरीत असते, पण स्थिर पाणी काळेभोर दिसते, आणि पात्राबाहेर शेतांत पसरलेले पाणीही तसेच ओळखता येते. मात्र उभ्या भातातले पाणी त्यात फसवते, त्यामुळे बांधावर जाऊन पाहणे काही सुटत नाही.

निपाणीची शिक्षिका

सर्वांना एक सूचना करावीशी वाटते. सापडलेले पान टिकेलच असे नाही. एका जुन्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे पान मी दोन वर्षे जपून ठेवलेल्या दुव्यावर पाहत होते. परवा उघडले तर तिथे कर्जाची जाहिरात होती. वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या ठिकाणी, त्या पानाची एक जुनी प्रत निघाली खरी, पण छायाचित्रे गेली ती गेलीच. आता महत्त्वाचे पान दिसले की त्याच वेळी मी त्याची प्रत तिथे साठवायला लावते. पत्ता चिकटवून एक कळ दाबावी लागते, इतकेच.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे आभार. वहीतील वटवाघळाच्या नोंदीपुढे मेघालय आणि कंबोडिया लिहिले आहे, आणि ‘केवळ’ हा शब्द लाल शाईने खोडला आहे. चिकोडीकरांच्या सांगण्याप्रमाणे खानापूरमध्ये दोन ‘डी’ घालून शोधले, तेव्हा आमच्या तालुक्याच्या जंगलांवरचा मजकूर निघाला. पुढचा रविवार त्यातच जाईल. कंग्राळीच्या दादांना एक विचारायचे आहे. रडारचे चित्र उघडल्यावर व्हीव्ही आणि व्हीएच (रडारच्या लहरी पाठवण्या-टिपण्याच्या दोन पद्धती) असे दोन पर्याय येतात, त्यांपैकी जलाशयासाठी कोणता घ्यावा?

कंग्राळीचा शेतकरी

काका, जलाशयासाठी व्हीव्हीपासून सुरुवात करा. वारा जोराचा असेल तर लाटांमुळे पाणी राखाडी दिसते, तेव्हा दुसरा पर्याय लावून ताडून पाहा. आणि तारीख नीट वाचा. मी एकदा मागच्या वर्षीचे चित्र पाहून घरच्यांना जनावरे वर न्यायला सांगितली होती.