स्टेटमेंट-अझम्प्शन: माझं नेमकं कुठे चुकतंय?

सांगलीची_अभ्यासिका
नमस्कार सगळ्यांना. बँक पीओ आणि क्लार्क दोन्हीची तयारी करतेय. पझल, सीटिंग अरेंजमेंट, सिलॉजिझम (दोन-तीन विधानांवरून निष्कर्ष काढायचा प्रकार) यात आता बऱ्यापैकी हात बसलाय पण विधान आणि गृहीतक (दिलेलं विधान करताना कोणतं गृहीतक मनात धरलंय ते ओळखायचं) हा प्रकार आला की माझं गणितच बिघडतं. दहातले चार-पाच चुकतात आणि निगेटिव्ह मार्किंग पाव मार्काचं असल्यामुळे बरोबर आलेल्यातलेही जातात. कालच्या मॉकमधला हा बघा.

विधान: पालिकेने नागरिकांना आवाहन केलं आहे की पावसाळ्यात पाणी उकळून प्यावं.
गृहीतक १: पाणी उकळल्याने ते पिण्यासाठी जास्त सुरक्षित होतं.
गृहीतक २: सध्या नळाला येणाऱ्या पाण्यात रोगजंतू आहेत.

मी दोन्ही टिक केले. उत्तरात फक्त १ आहे. पण पाण्यात जंतूच नसतील तर पालिका उकळायला कशाला सांगेल? क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले 'सराव कर, आपोआप कळेल'. आतापर्यंत दीडशे तरी सोडवले असतील, आपोआप काही कळलेलं नाही. कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज.

रात्रपाळी_आणि_रिझनिंग
ताई, मीही यात एक वर्ष घालवलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. गृहीतक म्हणजे बोलणाऱ्याने न बोलता मनात धरलेली गोष्ट, जी काढून घेतली तर त्याचं बोलणं उभंच राहत नाही. ती प्रत्यक्षात खरी आहे की खोटी हे आपल्याला बघायचंच नसतं. आणि विधान वाचून आपल्या डोक्यात जे येतं ते गृहीतक नसतं, तो अंदाज असतो, फार तर निष्कर्ष. तुमचं २ नंबरचं तसंच झालंय. तुम्ही पालिकेच्या जागी उभं न राहता पेपर वाचणाऱ्याच्या जागी उभ्या राहिलात.

तपासायची पद्धत सोपी आहे, गृहीतक उलटं करून विधानाशेजारी ठेवायचं. १ उलटं केलं: 'पाणी उकळून सुरक्षिततेत काही फरक पडत नाही'. मग उकळायला सांगण्यात अर्थच उरला नाही, आवाहन कोसळलं, म्हणजे १ धरलेलं होतं. आता २ उलटं करा: 'सध्याच्या पाण्यात रोगजंतू नाहीत'. आवाहन कोसळलं का? नाही. पावसात पाइपलाइनमध्ये गढूळ पाणी शिरू शकतं, त्याची आधीच खबरदारी म्हणूनही पालिका सांगेल. पाणी दूषित होण्याची शक्यता आहे एवढं धरलेलं पुरतं, आत्ता जंतू आहेतच हे धरायची गरज नाही. 'शक्यता आहे' असा पर्याय असता तर तो बरोबर आला असता.

टार्गेट_क्लार्क
इतकं डोकं कशाला लावायचं, परीक्षेत वेळ कुठे असतो. सरळ ट्रिक आहे, पर्यायात फक्त, सर्व, नेहमी, नक्कीच, एकमेव असले शब्द दिसले की उडवायचं. मी हेच करतो, बहुतेक वेळा बरोबर येतं.

रात्रपाळी_आणि_रिझनिंग
बहुतेक वेळा येतं हे मान्य, आवाहन, जाहिरात, नोटीस असल्या विधानांना तर चांगलंच चालतं. पण विधानात युक्तिवाद असेल तर हीच ट्रिक बुडवते. हे बघा: 'गल्ल्याची किल्ली एकट्या मोहनकडे असते, म्हणजे काल रात्री गल्ला मोहननेच उघडला.' गृहीतक: 'गल्ला फक्त त्या किल्लीनेच उघडतो.' यात फक्त आहे, तुम्ही उडवणार. पण उलटं करून बघा, गल्ला किल्लीशिवायही उघडता येत असेल तर मोहननेच उघडला हे कशावरून? युक्तिवाद तिथेच संपला, म्हणजे हे गृहीतक पक्कं अंतर्भूत आहे. बोलणाऱ्याने निष्कर्ष जितका ठाम काढलाय तितकं ठाम त्याला मनात धरावं लागतं. त्यामुळे शब्द बघून उडवू नका, आधी निष्कर्ष किती ठाम आहे ते बघा.

अर्थापत्ती
मी संस्कृत शिकवते, स्पर्धा परीक्षांचा मला अनुभव नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आपल्याकडे मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या पंडितांनी, नेमक्या या गोष्टीला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं वेगळं साधन मानलंय, त्याचं नाव अर्थापत्ती. नेहमीचं उदाहरण आहे 'पीनो देवदत्तो दिवा न भुङ्क्ते', देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या धरल्या तर तो रात्री जेवतो हे मानावंच लागतं, नाहीतर दोन वाक्यं एकमेकांशी जुळतच नाहीत. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणतात वेगळं प्रमाण कशाला, हे अनुमानातच बसतं, आणि तो वाद फार जुना आहे. पण मुली, तुझ्या कामाचं यात एवढंच की देवदत्त रात्री भाकरी खातो की भात, एकदा जेवतो की दोनदा, हे त्या वाक्यातून येत नाही. जेवढ्याशिवाय वाक्य जुळत नाही तेवढंच घ्यायचं, त्यापुढे एक घासही नाही. पाणी उकळण्याच्या प्रश्नात तू नेमकी तो जास्तीचा घास घेतलास.

न्यू_जर्सीतून
वरचा देवदत्त फारच आवडला. मी इकडे लॉ स्कूलसाठी एलसॅट दिली, त्यात हा प्रकार भरपूर असतो, आणि ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स काढून टाकल्यामुळे लॉजिकल रिझनिंगचे मार्कांत धरले जाणारे दोन सेक्शन झालेत, म्हणजे त्याचं वजन अजून वाढलंय. तिथे गृहीतकाचे दोन प्रकार वेगळे विचारतात, आवश्यक आणि पुरेसं. 'तिने चार महिने रोज सराव केला, म्हणून ती पास होईल.' इथे 'चार महिने रोज सराव करणारा प्रत्येक जण पास होतो' हे पुरेसं आहे, ते मिळालं तर निष्कर्ष पक्का होतो. पण आवश्यक नाही, कारण एखादा सराव करूनही नापास झाला तरी ती पास होऊ शकते. 'तिचा सगळा सराव अभ्यासक्रमाबाहेरचा नव्हता' हे मात्र आवश्यक म्हणता येईल, सगळाच बाहेरचा असेल तर त्या सरावाच्या जोरावर पास होईल म्हणणं टिकत नाही. बँकेच्या परीक्षेत बहुतेक आवश्यक प्रकारच विचारतात असं मला तुमच्या उदाहरणांवरून वाटतंय, म्हणून उलटं करून बघायची युक्ती तिथे चालते. पुरेशा प्रकाराला ती लावू नका, उत्तर चुकेल.

सांगलीची_अभ्यासिका
सगळ्यांचे मनापासून आभार, मॅडमचं 'एक घासही नाही' तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. पण लगेच एक करून बघितला आणि अडकले.

विधान: सोसायटीची नोटीस, उद्या सकाळी पाणी येणार नाही, सभासदांनी आज रात्रीच पाणी भरून ठेवावं.
गृहीतक १: काही सभासदांकडे पाणी साठवायची सोय आहे.
गृहीतक २: सर्व सभासद नोटीस बोर्ड वाचतात.

१ उलटं केलं, 'काही सभासदांकडे सोय नाही'. तरी बाकीचे भरतीलच की, नोटीस उभी राहिली, म्हणजे १ नाही. २ उलटं, 'कोणीच वाचत नाही', नोटीस वाया गेली, म्हणजे २ आहे. उत्तरात मात्र बरोबर याच्या उलट दिलंय!

रात्रपाळी_आणि_रिझनिंग
सापडलं! तुमचं गृहीतक कळण्यात चुकत नाहीये, उलटं करण्यात चुकतंय. 'काही आहेत' याचं उलटं 'काही नाहीत' होत नाही, कारण काहींकडे आहे आणि काहींकडे नाही हे एकाच वेळी खरं असू शकतं. त्याचं उलटं 'एकाकडेही नाही'. आणि 'सर्व वाचतात' याचं उलटं 'कोणीच वाचत नाही' नाही, तर 'निदान एक जण तरी वाचत नाही'. आता परत लावा. एकाकडेही बादली-पिंप नसेल तर भरून ठेवा सांगण्यात काय अर्थ, नोटीस कोसळली, १ आलं. एखाददुसऱ्याने बोर्ड वाचला नाही तरी नोटीस लावायला हरकत कुठे आहे, २ गेलं. सिलॉजिझममध्ये आयदर-ऑर, म्हणजे दोन निष्कर्षांपैकी एक नक्की खरा, बघताना तुम्ही 'काही'ची जोडी 'एकही नाही'शी लावता ना, तेच इथे करायचं.

टार्गेट_क्लार्क
मग 'नागरिक आवाहन पाळतील' असा पर्याय असला तर? एका पुस्तकात अंतर्भूत दिलंय, दुसऱ्यात नाही.

रात्रपाळी_आणि_रिझनिंग
तिथे पर्यायाचं वाक्यच ढिलं असतं. 'काही नागरिक पाळतील' असं वाचलं तर अंतर्भूत, कारण कोणीच ऐकणार नाही असं धरून कोणी आवाहन करत नाही. 'सर्व पाळतील' असं वाचलं तर नाही. नुसतं 'नागरिक' लिहिलं असेल तर बँकेच्या परीक्षेसाठी मी 'काही' समजून अंतर्भूत धरतो. तुम्ही ज्या परीक्षेला बसताय तिच्या जुन्या प्रश्नांत काय धरलंय ते पाहून ठरवा, पुस्तकांच्या भांडणात पडू नका.

सांगलीची_अभ्यासिका
काल रात्री बसून मॉकमधले चुकलेले बावीस प्रश्न परत काढले. त्यातल्या तेरांमध्ये 'काही' किंवा 'सर्व' होतं आणि प्रत्येक ठिकाणी मी उलटं तसंच चुकीचं केलं होतं. चार ठिकाणी जास्तीचा घास. बाकीचे पाच अजून कळले नाहीत, ते उद्या इथेच टाकते.