सर्पदंशाचा रुग्ण लस न देता पुढे पाठवणे: सावधगिरी की कर्तव्यच्युती?

कोर्टाची पायरी (धागाकर्ता)

गेल्या श्रावणात आमच्या गावातल्या एका बाईला सोयाबीनचे निंदण करताना घोणस चावली. बाई भूमिहीन, रोजमजुरीवर जाणारी. घरच्यांनी तिला आधी शेजारच्या गावच्या भगताकडे नेले आणि तिथून तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात आणले. डॉक्टर एमबीबीएस, अनुभवी. दवाखान्याच्या फ्रीजमध्ये एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरची लस, होती. डॉक्टरांनीही ते नंतर नाकारले नाही. त्यांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, सलाइन लावली, फी घेतली आणि ‘लसीची रिॲक्शन आली तर इथे सोय नाही’ असे सांगून जिल्ह्याला पाठवले. रस्ता दीड तासाचा, त्यात पावसाळा. जिल्ह्याला पोहोचेपर्यंत हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते, पुढे लघवी बंद झाली आणि डायलिसिस करावे लागले. बाई वाचली, पण अजून वावरात जाऊ शकलेली नाही.

तिच्या नवऱ्याने मला विचारले, ‘वकीलसाहेब, यात डॉक्टरची चूक धरता येते काय?’ माझे उत्तर होकारार्थी आहे आणि ते मी इथे मुद्दाम वादासाठी मांडतो आहे.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवले. सर्वांनाच मोफत उपचार देणारे रुग्णालय त्यातून वगळले गेले आणि तिथे केस पेपरचे नाममात्र शुल्क भरल्याने रुग्ण ग्राहक ठरत नाही. पण इथे दवाखाना खाजगी आहे आणि फी घेतलेली आहे. तेव्हा प्रश्न अधिकारक्षेत्राचा नाही, निष्काळजीपणाचा आहे. आणि इथेच आमच्याकडच्या डॉक्टरमंडळींचा एक मोठा गैरसमज आहे, असे मला वाटते. रुग्ण दगावला किंवा त्याला इजा झाली म्हणजे डॉक्टर दोषी, असे दिवाणी कायदा मानत नाही. त्या वेळी, त्या ठिकाणी, हाताशी असलेल्या साधनांत सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने जे केले असते ते केले की नाही, एवढेच तो पाहतो. लस दिली आणि रिॲक्शन आली, ती ओळखून उपचारही केले, तर तो डॉक्टर परिणाम वाईट झाला तरी सुरक्षित असतो. ज्याने लस हाताशी असून दिली नाही, तो मात्र उघडा पडतो. भीतीपोटी जो मार्ग सुरक्षित समजून निवडला जातो, तोच कायद्याच्या दृष्टीने धोक्याचा आहे.

स्टेथोस्कोप

वकीलसाहेबांचा कायदा बरोबर असेल, पण त्यांचा दवाखाना कागदावरचा आहे. मी तालुक्याच्या गावी वीस वर्षे दवाखाना चालवतो. माझ्याकडे व्हेंटिलेटर नाही, भूलतज्ज्ञ नाही, रात्री मी आणि एक कंपाउंडर एवढेच असतो. एएसव्ही घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होते. ती दिल्यावर काही मिनिटांत रक्तदाब कोसळून श्वासनलिका सुजू शकते. असे झाले आणि रुग्ण माझ्या टेबलावर गेला, तर बाहेर जमलेले शंभर लोक निष्काळजीपणाची कसोटी वाचत बसत नाहीत. दवाखान्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण फुटलेल्या काचा त्या कायद्याने भरून निघताना मी तरी पाहिलेल्या नाहीत.

दुसरे असे की, आपणच न्यायनिर्णयांचा आधार घेता म्हणून सांगतो. १९६८ साली निकाली निघालेल्या जोशी विरुद्ध गोडबोले या पुण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली आहेत. त्यातले पहिले कर्तव्य हा रुग्ण आपण हाती घ्यावा की नाही, हे काळजीपूर्वक ठरवण्याचे आहे. आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळीच पुढे पाठवणे हे ते कर्तव्य पाळणेच आहे. ‘आधी अपाय करू नये’ हे तत्त्व आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवले जाते. न दिलेल्या लसीने मी अपाय केला, असे म्हणणे म्हणजे शब्दांची कसरत आहे.

आणि ते भगताकडचे तास कोणाच्या खात्यावर टाकायचे?

काळी कसदार

डॉक्टरसाहेबांनी भगताचा विषय काढला म्हणून लिहितो. आम्ही अडाणी आहोत म्हणून भगताकडे जातो असे नाही. भगत रात्री बारा वाजताही दार उघडतो आणि पुढे पाठवत नाही. आमच्याकडे म्हण पडली आहे, ‘दवाखान्यात गेलं का म्हणते, नागपूरले न्या.’ दोनदा असा अनुभव आला की माणूस तिसऱ्यांदा कुठे जाईल, ते आपणच सांगावे. भगताकडे झालेला उशीर चूकच आहे, पण त्या चुकीला दवाखान्यांचाही हातभार आहे.

सिस्टरताई

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात अधिपरिचारिका आहे. डॉक्टरसाहेबांचा आदर राखून सांगते की, त्यांनी वर्णन केलेली साधने लस देण्यासाठी आवश्यक नाहीत. आमच्याकडेही व्हेंटिलेटर नाही. घोणसचा संशय असेल तर आम्ही कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतो, वीस मिनिटे नळी हलवत नाही आणि मग ती तिरकी करून पाहतो. रक्त गोठले नसेल, तर विष रक्तात भिनले आहे. ही चाचणी करायला लॅब लागत नाही; मात्र नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. मग ॲड्रेनॅलिन, म्हणजे रिॲक्शनवरचे औषध, सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवतो आणि लसीच्या आठ ते दहा व्हायल (छोट्या बाटल्या) सलाइनमधून सुरू करतो. रिॲक्शन येते, मी पाहिलेली आहे. लस थांबवायची, मांडीत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन द्यायचे, रुग्ण सावरला की लस पुन्हा हळू सुरू करायची. पहिला डोस देऊन मग पुढे पाठवावे, असेच सरकारी उपचार-मार्गदर्शिका सांगते. लहान मुलालाही मोठ्यांइतकाच डोस लागतो, कारण सापाने मूल पाहून विष कमी सोडलेले नसते.

पुढे पाठवण्याबद्दल माझी तक्रार नाही. रिकाम्या शिरेने पाठवण्याबद्दल आहे.

न्याय-वैशेषिक

मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवतो आणि या धाग्यावर मला दोन्ही बाजूंशी भांडायचे आहे.

डॉक्टरसाहेबांचा नियम असा मांडता येईल: ‘उपचारात मला धोका असेल, तर मी उपचार न करता रुग्ण पुढे पाठवावा.’ तत्त्वज्ञ कांटची कसोटी लावा, म्हणजे हा नियम सर्वांचा होऊ द्या. तालुक्याचा डॉक्टर जिल्ह्याला पाठवील, जिल्ह्याचा नागपूरला पाठवील, कारण रिॲक्शनची भीती कुठेच शून्य होत नाही. कोणीतरी शेवटी लस देईल, या गृहीतावरच हा नियम उभा आहे आणि तो सर्वांनी पाळला तर ते गृहीतच नष्ट होते. कर्तव्यवादाच्या अंगाने पाहता डॉक्टरसाहेबांची बाजू टिकत नाही. उपयुक्ततावादाने थोडी टिकते. एकेका रुग्णापुरते न पाहता नियमाचे एकूण परिणाम पाहायचे म्हटले, तर जिथे प्रत्येक रिॲक्शननंतर दावा आणि दगडफेक होते, तिथे डॉक्टर एएसव्ही ठेवणेच बंद करतील आणि एकूण मृत्यू वाढतील, हा युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा लागतो. मात्र त्यातून निघते ते एवढेच की, प्रामाणिकपणे दिलेल्या लसीला संरक्षण हवे. न दिलेल्या लसीला हवे, असे निघत नाही.

न दिलेल्या लसीने अपाय होतो का, या प्रश्नावर गडचिरोलीतला एक दाखला आठवतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकडून जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांना जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने देवविली. ‘डॉक्टर नसलेल्या बाईने सुई टोचणे हाच अपाय’ असे म्हणून थांबता आले असते. पण बाळ घरीच मरत असताना हात बांधून बसणे हादेखील एक निर्णयच असतो. तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला आणि १९९९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

आता वकीलसाहेबांकडे वळतो. आपण दिवाणी दायित्वाला नैतिक दोषारोपाचे रूप देत आहात, ते मला मान्य नाही. न्यायालय निष्काळजीपणा ठरवताना डॉक्टर घाबरला होता की निष्ठुर होता, हे विचारत नाही. कसोटी बाह्य आणि वस्तुनिष्ठ असते. सद्गुणी माणूसही त्या कसोटीत नापास होऊ शकतो. भरपाईचा खरा प्रश्न नुकसानीचा भार कोणी उचलावा, हा आहे. मग तो भार दोष सिद्ध न करताच समाजाने का उचलू नये? न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अशी व्यवस्था आहे. आपल्याकडेही गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना सर्पदंशाच्या मृत्यूला दोन लाख रुपये देते आणि चूक कोणाची, हे विचारत नाही. एका बाईच्या हक्कासाठी एका डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापेक्षा हा मार्ग अधिक न्याय्य आहे.

कोर्टाची पायरी

सरांचा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. कर्तव्यच्युती हा शब्द मी शीर्षकात वापरला तो कायद्याच्या अर्थाने, पण तो शिवीसारखा वाचला जातो, हे खरे. मात्र ‘आरोपीचा पिंजरा’ ही प्रतिमा चुकीची आहे. ग्राहक आयोगात पिंजरा नसतो. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, अतिशय गंभीर असावा लागतो, असे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात स्पष्ट झालेले आहे. इथे कोणी डॉक्टरला तुरुंगात पाठवत नाही.

दोषाविना भरपाईचे म्हणाल, तर मुंडे योजना या बाईच्या कामाची नाही. एक तर ती मृत्यूसाठी आणि हात, पाय, डोळे गमावल्यास आहे, मूत्रपिंडासाठी नाही. दुसरे, ती सातबारा नावावर असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीसाठी आहे. दुसऱ्याच्या वावरात निंदणारी बाई तिच्यात बसतच नाही, आणि साप तर निंदणारीलाच आधी भेटतो. न्यूझीलंडची व्यवस्था येईल तेव्हा मी पहिला हार घालीन, तोवर तिच्याकडे हाच एक कायदा आहे.

डॉक्टरसाहेब, जोशी-गोडबोले निकालातले पहिले कर्तव्य आपण अचूक सांगितलेत. पण तातडीच्या रुग्णाबाबत १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने सरकारी आणि खाजगी, दोन्ही डॉक्टरांवर जीव वाचवण्याचे प्राथमिक उपचार देण्याचे बंधन घातले आहे. शिवाय सलाइन लावून आणि फी घेऊन ‘मी रुग्ण हाती घेतलाच नव्हता’ असे म्हणता येत नाही.

स्टेथोस्कोप

सिस्टरताईंचा मुद्दा मला लागला, नाकारत नाही. पण त्यांच्यामागे सरकार उभे आहे. चूक झाली तर दावा शासनावर जातो. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेवेळी पोटात टॉवेल राहून बाई दगावली, त्या खटल्यात भरपाईची जबाबदारी राज्य शासनावर आली, तीही १९९६ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी. माझ्या दाव्यात माझे घर जाईल. धोका सारखा नसेल, तर अपेक्षाही सारखी का असावी?

आणखी एक. आमच्या तालुक्यातले सर्वच खाजगी डॉक्टर पुढे पाठवतात. समव्यावसायिकांचा जबाबदार गट जे करतो ते निष्काळजीपणा नव्हे, ही इंग्लंडच्या १९५७ च्या बोलम खटल्यातली कसोटी आपल्या न्यायालयांनीही स्वीकारलेली आहे.

न्याय-वैशेषिक

सर्वजण करतात म्हणून ते योग्य ठरत नाही, हे त्याच इंग्लंडने १९९७ मध्ये बोलिथो खटल्यात जोडले आहे: समव्यावसायिकांचे मत तर्काच्या कसोटीवरही टिकले पाहिजे. मार्गदर्शिका एक सांगते आणि तालुका दुसरेच करतो, तेव्हा मला प्रघात दिसतो, मत दिसत नाही. धोका सारखा नाही, हे मात्र मान्य. त्यासाठी विमा आणि संरक्षण मागावे, सवलत मागू नये.

काळी कसदार

मला एकच कळत नाही. लस वेळेवर दिली असती तर किडनी वाचलीच असती, हे कोणी सिद्ध करायचे?

कोर्टाची पायरी

हाच दाव्यातला सर्वांत अवघड भाग आहे, भाऊ, आणि मी तो लपवत नाही. घोणसच्या विषाने लस देऊनही मूत्रपिंड जाऊ शकते. कर्तव्यात कसूर झाली, हे दाखवणे पुरेसे नाही; त्या कसुरीमुळे नुकसान झाले, हे तक्रारदारानेच दाखवायचे असते. भगताकडे गेलेला वेळ विरुद्ध बाजू मांडणारच. म्हणून सगळे मिनिटांवर येऊन थांबते: दवाखान्यात किती वाजता पोहोचली, किती वाजता निघाली, तेव्हा रक्त गोठत होते की नाही. आणि रेफरच्या चिठ्ठीवर वेळच लिहिलेली नाही! तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला आयोगात फी नाही, बाई आपल्याच जिल्ह्यात तक्रार करू शकते, हे सारे अनुकूल आहे. अडले आहे ते घड्याळापाशी.

सिस्टरताई

बाईला जिल्ह्याला कोणत्या गाडीने नेले? १०८ च्या रुग्णवाहिकेने नेले असेल, तर रुग्ण घेतल्याची आणि पोहोचवल्याची वेळ त्यांच्या नोंदीत असते. जिल्ह्याच्या अपघात विभागातही दाखल झाल्याची वेळ आणि रक्त गोठण्याच्या चाचणीची नोंद मिळायला हवी.

कोर्टाची पायरी

१०८ नेच नेले होते, ताई. हे मला सुचायला हवे होते. दवाखान्याकडेही कागदपत्रे लेखी मागतो. मागणीनंतर ७२ तासांत ती देण्याचे बंधन डॉक्टरांच्या आचारनियमांत २००२ पासून आहे.

स्टेथोस्कोप

वेळ काय निघते, ते इथे कळवा. उशीर भगताकडेच झालेला निघाला, तरीही कळवा.