मदत हवी आहे : 297 चं कोडं

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कास्तकार, गणित माझं आठवीतच सुटलं. परवा कापूस मोजला तर काट्यावर नेमके 297 किलो भरले. पावती पाहून आमची पोट्टी (तीही आता आठवीतच) म्हणते, "बाबा, हा कापरेकर आकडा आहे!"

297 चा वर्ग 88209. तो 88 आणि 209 असा तोडून बेरीज केली की पुन्हा 297. मी दोनदा करून पाहिलं, खरंच येते. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (1905–1986) यांच्या नावाने अशा संख्या ओळखतात म्हणे. 45 पण तशीच : 2025, म्हणजे 20 आणि 25.

बाकी माहिती पोरीनेच काढली. 297 म्हणजे 3×3×3×11. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज 183, म्हणजे 297 पेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या. अंकांची बेरीज 18, पण 18 ने भाग जात नाही, म्हणून हर्षद नाही. (हर्षद हे नावही कापरेकरांचंच.) इथवर मला समजलं.

अडलं ते पुढे. 9, 45, 55, 99, 297, 703, 999 या सगळ्या कापरेकर संख्यांना 9 ने भागलं तर बाकी 0 किंवा 1 च उरते. कधी 2 नाही, 5 नाही. असं का? वर्ग तोडण्याशी याचा काही संबंध आहे का? उत्तर आठवीच्या पोरीला समजेल असं सांगा, अन् मलाही. ती रोज रात्री जेवताना विचारते बाप्पा.