एम५१ मधल्या एक्स-रे सोर्सला १००० सेकंदांचा पिरियड, खरा असेल का?

कल्याण_फास्ट:
नमस्कार, एमएस्सी फिजिक्सचा प्रोजेक्ट चालू आहे, एम५१ गॅलक्सीतले एक्स-रे सोर्सेस कमीजास्त होतात ते शोधायचंय. नासाच्या अवकाशातल्या चंद्रा एक्स-रे दुर्बिणीचा डेटा अर्काइव्हमधून घेतला. काल रात्री एका सोर्सचा पॉवर स्पेक्ट्रम (किती सेकंदांनी चमक परत परत बदलते ते दाखवणारा आलेख) काढला तर १००० सेकंदांच्या आसपास मस्त पीक आला, त्यावर फोल्ड केलं (म्हणजे डेटाचे तेवढ्या सेकंदांचे तुकडे एकावर एक रचले आणि छोट्या वेळ-खणांत, बिन्समध्ये वाटले) तर बहुतेक बिन्समध्ये ४०-४५ फोटॉन आणि लागोपाठच्या दोन बिन्समध्ये जेमतेम १५!! ४यू १८२०-३० या एक्स-रे जोडताऱ्याचा पिरियड ११ मिनिटांचा आहे, म्हणजे एकमेकांभोवती इतक्या जवळून फिरणारे घट्ट बायनरी असतात ना? हा १६-१७ मिनिटांचा होतो. झोपच आली नाही रात्रभर. सोमवारी सरांना दाखवू का?

जुना_डेटावाला:
अगं थांब, आधी सोर्स कॅमेऱ्याच्या चिपवर कुठे पडलाय ते बघ. चंद्रा एका जागी स्थिर नसते, मुद्दाम हळूहळू झुलवतात, म्हणजे एखाद्या खराब पिक्सेलवरच सगळा भार पडू नये. त्याला डिदर म्हणतात आणि चंद्राच्या एसीस कॅमेऱ्यासाठी त्याचे पिरियड एका दिशेला १००० सेकंद, दुसऱ्या दिशेला साधारण ७०७. सोर्स चिपच्या कडेला असला की प्रत्येक झोक्याला तो कडेबाहेर जातो, फोटॉन गायब, परत आत आला की परत दिसतात. तू म्हणतेस तस्सं. सियाओमधलं (चंद्राच्या डेटाचं सॉफ्टवेअर) डिदर-रीजन टूल चालव, कुठल्या वेळी किती भाग चिपवर होता ते मिळेल, त्याने फोटॉनच्या आकड्यांना भाग दे. आणि दुसऱ्या तारखेचं ऑब्झर्व्हेशन घे, रोल अँगल (दुर्बीण स्वतःभोवती किती वळलीय तो कोन) बदलला की सोर्स चिपवर दुसरीकडे पडतो. खरा पिरियड तिथेही दिसायला हवा.

विलेपार्ले_ईस्ट:
दादा बरोबर बोलतायत. पण नाराज होऊ नकोस, एम५१ मध्ये खरे बदलणारे सोर्सेस भरपूर आहेत. दोन यूएलएक्सना (नेहमीच्या जोडताऱ्यांपेक्षा खूपच तेजस्वी एक्स-रे सोर्सेस) ग्रहण लागतं, म्हणजे जोडीदार तारा आडवा येतो, ते चंद्राच्याच डेटात सापडलं, २०१६ चा पेपर आहे. यूएलएक्स-७ तर न्यूट्रॉन तारा निघाला, २.८ सेकंदांचे पल्स. ते मात्र चंद्राच्या नेहमीच्या मोडमध्ये दिसणारच नाहीत कारण कॅमेऱ्याची एक फ्रेमच ३.२ सेकंदांची, त्याला युरोपची एक्सएमएम-न्यूटन दुर्बीण लागली. अजून एक, २००० आणि २०१२ चे काउंट्स थेट ताडून बघू नकोस हां, कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं थर साचतोय, कमी एनर्जीचे फोटॉन दरवर्षी कमी पोचतात. दरवेळी त्या तारखेचा रिस्पॉन्स (तेव्हा कॅमेरा किती फोटॉन पकडत होता त्याची फाइल) वापरून फ्लक्स, म्हणजे सोर्सकडून खरोखर येणारी ऊर्जा काढ, मगच बोल.

कल्याण_फास्ट:
खूप खूप आभार दोघांचे. बघितलं, सोर्स अगदी चिपच्या कडेलाच आहे 😔 दुसऱ्या ऑब्झर्व्हेशनमध्ये मधोमध आलाय आणि तिथे पीकच नाही. वाईट वाटलं. एक शंका, इस्रोच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर आपल्या टीआयएफआरने बनवलेली एसएक्सटी ही एक्स-रे दुर्बीण आहे, तिने बघता येईल का हे?

जुना_डेटावाला:
एम५१ साठी नाही जमायचं, एसएक्सटीची नजर काही आर्कमिनिटांची (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आर्कसेकंद त्याचाही साठावा), त्यात शेजारशेजारचे सोर्सेस एकात मिसळतात. चंद्रा अर्ध्या आर्कसेकंदापर्यंत वेगळं दाखवते. आपल्या गॅलक्सीतल्या ठळक सोर्सेससाठी मात्र ॲस्ट्रोसॅट घे, छान काम होतं.

कल्याण_फास्ट:
ओके. त्याच फील्डमध्ये अजून एक सापडलाय, दोन्ही तारखांना चिपच्या मध्यावर, रिस्पॉन्स लावूनसुद्धा फ्लक्स निम्म्याहून कमी झालाय. आता त्याच्या एरर बार काढायला बसते.